स्टेरॉइड घेण्याआधी पुरुषांनी रक्ताच्या कोणत्या तपासण्या कराव्यात?

जिममधल्या कुणी ‘सायकल’ (स्नायू वाढवण्यासाठी ठरावीक आठवडे स्टेरॉइड घेणं) सुरू करायचं म्हटलं की मी आधीचा रिपोर्ट मागतो. बहुतेकांकडे नसतो. मग पुढे काही बिघडलं, तर ते औषधानं की मुळातच तसं होतं, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घेऊच नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे. पण ज्यानं ठरवलंच आहे, त्यानं निदान हे करावं.

आधी आठवडाभर वजनं उचलणं थांबवा. आमच्याकडच्या एका मुलानं पायांच्या जड व्यायामाच्या दुसऱ्या दिवशी रक्त दिलं. एसजीओटी, एसजीपीटी ही लिव्हरच्या तपासणीतली दोन्ही एन्झाइम्स वाढलेली. लिव्हर गेलं म्हणून घरचे हादरले. पण ही एन्झाइम्स स्नायूंतही असतात. त्याचं जीजीटी (लिव्हरचं, स्नायूंत जवळपास नसलेलं एन्झाइम) नॉर्मल आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) भरपूर, म्हणजे दोष व्यायामाचा. क्रिएटिन पावडरनं क्रिएटिनिनही (किडनीच्या तपासणीतला आकडा) वाढलेलं दिसतं. शंका वाटली तर सिस्टॅटिन सी ही किडनीची दुसरी तपासणी करा. केसांसाठी बायोटिन हे व्हिटॅमिन घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी बंद करा, त्यानं हार्मोनचे आकडे चुकू शकतात.

रक्त सकाळी 7 ते 10 च्या दरम्यान, उपाशीपोटी द्या. टेस्टोस्टेरॉन तेव्हाच सर्वांत जास्त असतं.

‘80 टेस्ट’च्या पॅकेजला भुलू नका. त्यात एकट्या सीबीसीचेच (रक्तपेशींची मोजणी) वीसेक आकडे मोजलेले असतात आणि एलएच, एफएसएच (वृषणांना काम करायला लावणारे हार्मोन) बहुधा नसतात. नेमके तेच हवेत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी हे दोन्ही सोडणं थांबवते, आणि शुक्राणू तयार होणं मंदावतं किंवा थांबतं. म्हणून टोटल टेस्टोस्टेरॉन, एलएच, एफएसएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन (हेही हार्मोनच) वेगळे मागून घ्या. पुढे मूल हवं असेल तर वीर्यतपासणीही.

सीबीसीत हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, पाहा. स्टेरॉइडनं रक्त दाट होतं; टेस्टोस्टेरॉनच्या उपचारात हा आकडा 54 टक्क्यांवर गेला की डॉक्टर औषध थांबवतात. तुमचा आधीच 50 च्या वर असेल तर सुरूच करू नका. लिपिड प्रोफाइलमध्ये एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) पाहा. स्टॅनोझोलोलसारख्या स्टेरॉइडच्या गोळ्या ते झपाट्यानं खाली आणतात. एचबीएवनसी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी), टीएसएच (थायरॉइड) करा, चाळिशीनंतर पीएसए (प्रोस्टेट). कधी दुसऱ्याची सुई वापरली असेल तर एचआयव्ही, हेपटायटिस बी आणि सी.

हृदयाच्या भिंती जाड झाल्या तर ते रक्तात कळत नाही. त्यासाठी बीपी, ईसीजी आणि टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी).

रिपोर्ट ट्रेनरला नाही, एंडोक्रिनोलॉजिस्टना (हार्मोनच्या डॉक्टरांना) दाखवा आणि काय घेणार आहात ते खरं सांगा. पुढच्या तपासण्या त्याच लॅबमध्ये करा; लॅब बदलली की नॉर्मल रेंजही बदलते.