शाळेतला व्हायोलिन वर्ग: पहिल्या वर्षाची तयारी

शाळेत व्हायोलिन शिकवायला येणारे बहुतेक जण वादक म्हणून पक्के असतात. व्हायोलिनच्या परीक्षांची आठवी ग्रेड झालेली असते, एखाद्याकडे एटीसीएलही (ट्रिनिटी कॉलेज लंडनची पदविका) असतं. तरी पहिल्याच सत्रात दमछाक होते, कारण तिथलं निम्मं काम वाद्यं स्वरात आणि धडधाकट ठेवण्याचं असतं. 16 व्हायोलिन म्हणजे 64 तारा. एका तारेला 15 सेकंद धरले तरी 16 मिनिटं गेली, आणि तास 40 मिनिटांचा!

त्यामुळे वाद्यं तास सुरू होण्याआधी लावून ठेवा. खरेदी करतानाच चारही तारांना फाईन ट्यूनर (स्वर बारीक जुळवायचा स्क्रू) असलेला टेलपीस, म्हणजे तारांची खालची टोकं अडकवायचा भाग, मागा. नेहमीच्या वाद्यात असा ट्यूनर बहुधा फक्त ई या सर्वांत वरच्या स्वराच्या तारेला असतो. आधी ए तार 440 हर्ट्झला लावा, मग डी, जी आणि शेवटी ई. खुंटी फिरवताना ती आत दाबत फिरवायची, आणि तारेचा स्वर चढवण्याआधी ती किंचित सैल करायची; नुसती ओढली तर ई तार हमखास तुटते. तारा ताणल्या की ब्रिज (ज्यावर तारा टेकतात ती लाकडी घोडी) हळूहळू खुंट्यांच्या बाजूला कलतो. त्याची टेलपीसकडची बाजू वाद्याच्या पृष्ठभागाशी काटकोनात आहे ना, हे दर आठवड्याला बघा. चारही तारा एकदम कधीच काढू नका. ब्रिज पडतो, आतला साउंडपोस्टही (वाद्याच्या पोटात उभा असलेला लाकडी खांब) पडू शकतो, आणि तो परत उभा करणं येरागबाळ्याचं काम नाही.

माप घेताना पालकांशी थोडं भांडावं लागतं. गणवेशासारखं 'मोठंच घेऊ, दोन वर्षं चालेल' इथे चालत नाही. डावा हात सरळ पसरून मानेपासून तळहाताच्या मध्यापर्यंत मोजा. साधारण 58 सेंमी असेल तर पूर्ण आकार, 56 ला पाऊण, 51 ला अर्धा, 47 ला पाव. माप दोन आकारांच्या मधे आलं तर लहान घ्या. मोठ्या वाद्यावर मूल मनगट मोडून वाद्याच्या दांडीला टेकवतं, आणि ती सवय सुटायला आकार बदलल्यावरही महिने जातात.

बोटं कुठे ठेवायची हे दाखवणाऱ्या पट्ट्या दांडीवर अंदाजाने चिकटवू नका. नटपासून (खुंट्यांजवळची, तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) ब्रिजपर्यंत तारेची लांबी मोजा आणि पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बोटासाठी तिला अनुक्रमे 0.109, 0.206 आणि 0.251 ने गुणा. पूर्ण आकारात 328 मिमी लांबी असेल तर पट्ट्या नटपासून 36, 68 आणि 82 मिमीवर येतात. अर्ध्या आकारात 285 मिमी धरली तर 31, 59 आणि 71.5 वर. तार दाबल्यावर स्वर किंचित चढतो, म्हणून शेवटी कानाने तपासून पट्टी केसभर सरकवा. सुरुवात डी मेजर या स्वरसप्तकापासून करा, सी मेजरपासून नको. डी आणि ए या दोन्ही तारांवर बोटांची ठेवण तीच राहते, दुसरं आणि तिसरं बोट चिकटून. पियानोवाल्यांना सी सोपा वाटतो, व्हायोलिनला नाही.

बोची (वाजवायच्या गजाची) काडी आणि केस यांच्यात मध्यावर पेन्सिल जाईल एवढंच अंतर ठेवा. वाजवून झालं की केस सैल करा. हे मुलं विसरतातच, म्हणून वाद्याची पेटी बंद करण्याआधी सगळ्यांचे बो वर धरायला सांगून एक नजर फिरवा. रोझिनची (बोच्या केसांना लावायच्या राळेची) नवी वडी आधी सँडपेपरने खरवडा. नाहीतर केसांना काहीच लागत नाही, आवाज निघत नाही आणि मूल बो आणखी दाबतं.

कोकण-गोव्याकडच्या पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात आणि एसीच्या खोलीत सुटतात. अडकणाऱ्या खुंटीला पेग कंपाउंड (खुंट्यांसाठीचं वंगण) लावा, घसरणारीला थोडा खडू. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा. दमटपणाने कडेचा सांधा सुटला तर सुताराला फेविकॉल लावू देऊ नका. व्हायोलिनचा सरस मुद्दाम असा असतो की ताण आला तर लाकडाआधी सांधा सुटावा. फेविकॉल लावलात की पुढच्या वेळी लाकूडच चिरतं.

वादकवृंदात कच्ची मुलं सगळी सेकंड व्हायोलिनला (फर्स्टच्या सुरावटीखालचा भाग वाजवणाऱ्या गटात) टाकण्याचा मोह होतो. मग मधला स्वर पोकळ राहतो आणि ती मुलं स्वतःला दुय्यम समजू लागतात. दोन्हीकडे किमान दोन भरवशाची मुलं हवीत. एका स्टँडवर दोघं. बाहेरचा, म्हणजे श्रोत्यांच्या बाजूचा, वाजवत राहतो, आतला पान उलटतो. व्हायोला (व्हायोलिनहून मोठं, खालच्या स्वराचं वाद्य) वाजवणारं कोणी नसेल तर तो भाग ट्रेबल क्लेफमध्ये, म्हणजे व्हायोलिनच्या नोटेशनच्या चिन्हात, 'थर्ड व्हायोलिन' म्हणून लिहून द्या. जी तारेच्या खाली जाणारे स्वर एक सप्तक वर घ्या. जूनमध्ये वर्ग सुरू झाला की मुख्याध्यापक 15 ऑगस्टला राष्ट्रगीत मागतात. सरळ नाही म्हणा. 26 जानेवारीला जमेल, तेही जाणत्या मुलांनी सूर धरायचा आणि नव्यांनी मोकळ्या तारा (बोट न ठेवता) वाजवायच्या, अशी वाटणी करून.

महाराष्ट्रात आणखी एक गोष्ट हटकून समोर येते. एखादं मूल बाहेर गुरुजींकडे हिंदुस्थानी व्हायोलिनही शिकत असतं, आणि तिथे तारा सा-पाच्या हिशोबाने लावतात. तेच वाद्य रोज दोन पद्धतींनी लावलं की तारा टिकत नाहीत, खुंट्याही ढिल्या होतात. अशा मुलासाठी शाळेतलं एक वाद्य राखून ठेवा, आणि त्यावर तसं लेबल लावा.