‘सामुराय शोडाउन’चा इतिहास खेळून कसा अभ्यासावा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील ज्या मंडळींना जुन्या गेमचा नाद आहे, त्यांनी ‘सामुराय शोडाउन’ या तलवारबाजीच्या जपानी व्हिडिओ गेम मालिकेची वाटचाल नुसती वाचून सोडून देऊ नये, ती खेळूनच समजून घ्यावी, आणि तीही प्रकाशनाच्या क्रमाने. कथेचा क्रम निराळा आहे. 2003 मधील पाचवा भाग कथेत पहिल्याच्या आधी घडतो, तर तिसरा आणि चौथा दुसऱ्याच्या आधी. त्या क्रमाने गेल्यास कोणती कल्पना केव्हा सुचली, याचा पत्ताच लागत नाही.

साधन म्हणून 2020 चा ‘निओजिओ कलेक्शन’ हा संग्रह घ्यावा (निओजिओ हे या गेमचे मूळ यंत्र). तो संगणकावर चालतो आणि त्यात सहा भागांसोबत पूर्वी कधीच बाजारात न आलेली एक आवृत्तीही आहे.

पहिला भाग ओसाकाच्या एसएनके कंपनीने 1993 मध्ये आणला. 1991 च्या ‘स्ट्रीट फायटर टू’मुळे मारामारीच्या गेमची लाट आलेली असताना या मंडळींनी खेळाडूंच्या हाती शस्त्रे दिली, आणि त्यामुळे लढतीची चालच बदलली. सुरुवातीला हाओमारू हा तलवारबाज निवडावा आणि विशेष डावांच्या नादी लागू नये. ए बटणाने हलका वार होतो, बीने मध्यम, आणि दोन्ही एकदम दाबल्यास जड. जड वार बसला तर समोरच्याच्या लाइफचा मोठा तुकडा उडतो, पण हुकला तर तलवार सावरेपर्यंत आपण उघडे पडतो. शिवजयंतीच्या मिरवणुकीत ज्यांनी दांडपट्टा जवळून पाहिला आहे, त्यांना अंतर राखून थांबण्यातली गंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

तलवारी एकमेकींत अडकल्या की भराभर बटणे दाबावीत. हरणाऱ्याची तलवार दूर उडते आणि ती उचलेपर्यंत त्याला रिकाम्या हाताने लढावे लागते. मार खाताना रागाची पट्टी भरते, हेही पाहावे. मागून धावणारा टपालवाला कधी खाद्यपदार्थ टाकतो, कधी बॉम्ब. खेळाडूंमधील अंतराप्रमाणे चित्र लहानमोठे होते. ही युक्ती एसएनकेच्याच 1992 च्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’मधली. तिचे मोल कळण्यासाठी 1994 च्या घरगुती आवृत्त्या शेजारी ठेवाव्यात: मेगा ड्राइव्ह या घरगुती गेम-यंत्रावर आकृत्या मोठ्या राहिल्या, पण झूम आणि अर्थक्वेक हा योद्धा गाळला गेला, सुपर निन्टेन्डो या दुसऱ्या यंत्रावर सगळे दुरून, लहान दिसते.

यातील जपानचा इतिहास मात्र खरा मानून वहीत उतरवू नये. कथा 18 व्या शतकाच्या अखेरची, पण मुख्य शत्रू आमाकुसा शिरो 1638 मध्येच मारला गेला होता, आणि हात्तोरी हान्झो तर त्याच्याही आधीच्या शतकातला.

1994 च्या दुसऱ्या भागाला सर्वाधिक वेळ द्यावा. गेनजुरो हा योद्धा येथेच प्रथम भेटतो, आणि माझ्या मते तोल या भागाने सर्वांत चांगला सांभाळला आहे. तिसरा (1995) आणि चौथा (1996) भरभर पाहिले तरी चालतील, फक्त चौथ्यात सलग वारांच्या साखळ्यांना आलेले महत्त्व लक्षात घ्यावे. 2001 मध्ये एसएनकेचे दिवाळे निघाले, म्हणून पाचवा भाग युकी एंटरप्राइझ या कंपनीने तयार केला. त्याची 2004 ची ‘स्पेशल’ आवृत्ती हा निओजिओचा शेवटचा अधिकृत गेम ठरला.

2019 चा नवा भाग सर्वांत शेवटी खेळावा. त्यात पुन्हा एकेका जड वाराला किंमत आली आहे, पण त्याला बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड लागते. जुना संग्रह साध्या संगणकावरही चालतो.