सीएसएमटीची इमारत नीट कशी बघावी

दुपारी तीननंतर जा. दर्शनी भाग पश्चिमेकडे आहे. सकाळी सूर्य मागून येतो आणि कोरीवकाम काळं दिसतं.

सुरुवात महापालिकेच्या बाजूच्या फुटपाथवरून करा. फाटकाला चिकटून उभं राहिलं की घुमटच नीट दिसत नाही, बहुतेकांचं इथेच चुकतं. घुमट अष्टकोनी, फासळ्यांचा. वरची स्त्री म्हणजे ‘प्रगती’: उजव्या हातात मशाल, डाव्या हाताशी आऱ्यांचं चाक. आठपट दुर्बीण पुरते. घड्याळाखालचा कोनाडा रिकामा आहे. तिथे व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता.

मग फाटकाकडे या. खांबांवर सिंह आणि वाघ, म्हणजे ब्रिटन आणि भारत. भिंतीवरच्या गोल चौकटींत जगन्नाथ शंकरशेट शोधा. पानं, माकडं, पक्षी मात्र सावकाश बघा, त्यात जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात आहे.

लोकलच्या तिकीट हॉलमध्ये मान वर करा, छतावर तारे आहेत. गर्दीच्या वेळी मधोमध थांबलात तर धक्के खाल, रविवार बरा.

बांधकाम 1878 ते 1888, वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स, युनेस्कोचा दर्जा 2004 मध्ये. समोरची महापालिकाही त्यांचीच. दोन्ही घुमट ताडून बघाच.