स्टिकर चिकटवावा लागला म्हणजे डिझाइन गंडलं: बटणं, फॉर्म आणि ॲपमधल्या या चुका टाळा

आमच्या कोथरूडच्या घरात हॉलमधे एक स्विचबोर्ड आहे, ओळीने आठ बटणं, सगळी पांढरी, सगळी सारखी. पंखा कुठला, ट्यूब कुठली, गॅलरीतला दिवा कुठला हे इतकी वर्षं राहूनही मला पाठ नाही, आणि पाहुणे आले की ते बिचारे पेटी वाजवल्यासारखे एकेक दाबत सुटतात. शेवटी आईने मेडिकलमधली चिकटपट्टी कापून त्यावर बॉलपेनने लिहिलं, पंखा, ट्यूब, गॅलरी, आणि एकावर लिहिलं "हे नाही". हे नाही म्हणजे काय, तर ते बटण कशालाच जोडलेलं नाहीये.

मी हिंजवडीला सॉफ्टवेअरमधे आहे. बटण डावीकडे हवं की उजवीकडे यावर आमच्याकडे तासभर मीटिंग चालते, आणि रात्री घरी येऊन मी ट्यूब लावायला जातो तर पंखा गरगरायला लागतो. त्यामुळे हल्ली कुठेही चिठ्ठी चिकटवलेली दिसली की माझं तिकडे लक्ष जातं. पुण्यात पाट्यांना काय तोटा! आपण हसून फॉरवर्ड करतो, पण जरा नीट वाचा, त्यातली निम्मी पाटी म्हणजे कुणीतरी वैतागून नोंदवलेला बग, म्हणजे डिझाइनमधली चूक, असतो. "बेल एकदाच वाजवावी" ही पाटी का लागते? कारण बेल दाबल्यावर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला काही ऐकूच येत नाही, वाजली की नाही कळत नाही, म्हणून तो परत दाबतो. आणि "लिफ्टचं दार नीट लावा" तर जुन्या जाळीच्या दाराच्या लिफ्टवाल्या सगळ्या सोसायट्यांत आहे. वरच्या मजल्यावर कुणी जाळी उघडी टाकली की लिफ्ट हलत नाही, ते सुरक्षेसाठी बरोबरच आहे, पण खाली पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कुठल्या मजल्यावर दार उघडंय, लिफ्ट बिघडलीये की लाइट गेलेत, यातलं काही म्हणजे काहीही कळत नाही. मग जिन्यात तोंड घालून "लिफ्टऽऽ" असं ओरडायचं.

तर खाली ज्या चुका लिहितोय त्यातल्या बऱ्याचशा मी स्वतः केल्यात, त्यामुळे उपदेश वगैरे समजू नका.

"मला नाही बाबा जमत हे टेक्निकल"

ही वापरणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक. दाराला पकडायला छान उभी मूठ लावलीये, माणूस साहजिकच ओढतो, आणि दार उघडतं ढकलून. माणूस ओशाळतो, दार मात्र मजेत. असल्या दारांना डिझाइनवाले नॉर्मन डोअर म्हणतात, डॉन नॉर्मन या अमेरिकन संशोधकाच्या नावावरून, आणि त्याचं म्हणणं साधं आहे की मूठ बघून हात जे करायला जातो तेच व्हायला हवं. चार बर्नरच्या शेगडीचं तेच, बर्नर चौकोनात आणि खालचे नॉब एका ओळीत, त्यामुळे कुठला कुणाचा हे दर वेळी वाकून बघावं लागतं.

म्हणून अडलात की "मी ढ आहे" म्हणून फोन मुलाच्या हातात देण्याआधी दोन गोष्टी डोक्यात नोंदवा, मी काय दाबलं तेव्हा काय होईल असं वाटलं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं. कस्टमर केअरला "ॲप चालत नाहीये" सांगितलंत तर ते फोन बंद करून चालू करा म्हणतील. "पैसे भरले, पावती दाबली, आणि परत पैसे भरायचं पान आलं" असं सांगितलंत तर त्याचं खरंच काहीतरी होऊ शकतं.

बटणं काढली की सोपं होतं?

आता ही आमच्या बाजूची चूक. बॉस म्हणतो स्क्रीन क्लीन पाहिजे, मग सगळी बटणं उचलायची आणि तीन टिंबांच्या मागे नेऊन लपवायची. स्क्रीन दिसते झकास. पण काम तेवढंच राहिलं, फक्त शोधाशोध वाढली. कट, कॉपी, पेस्ट ज्याच्यामुळे आपल्या हातात आलं तो लॅरी टेसलर, २०२० मधे गेला, तो हेच सांगायचा की प्रत्येक कामात थोडा किचकटपणा असतोच, तो नाहीसा होत नाही, प्रश्न एवढाच की तो कोडवाल्याने सोसायचा की वापरणाऱ्याने. नव्या वॉशिंग मशीनवर एकच काचेचं बटण असतं, तीन सेकंद दाबलं तर चाइल्ड लॉक, दोनदा दाबलं तर अजून काहीतरी, आणि ओल्या हाताने दाबलं तर काहीच नाही. गाड्यांमधेही टचस्क्रीनचं एवढं खूळ आलं की युरोपात गाड्यांची सुरक्षा तपासणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर अशा गोष्टींना खरंखुरं बटण किंवा दांडी नसेल तर मार्क कापायचं ठरवलं.

याउलट आपला कुकर बघा. शिट्टी हे नोटिफिकेशन, आणि तेही असं की शेजारच्या खोलीतून मोजता येतं. आतून बसणाऱ्या झाकणाचा कुकर असेल तर वाफच ते झाकण आतून वर दाबून धरते, प्रेशर उतरेपर्यंत ते निघतच नाही. "तुम्हाला नक्की उघडायचंय का?" असलं काही तो विचारत बसत नाही.

"रद्द करायचं? ओके / रद्द करा"

हे मात्र सॉफ्टवेअरवाले विचारत बसतात, आणि कसं विचारतात बघा. मागे एकदा एसटीचं नाही, एका खाजगी बसचं बुकिंग रद्द करत होतो, स्क्रीनवर चौकट आली, "आपण बुकिंग रद्द करू इच्छिता?" खाली दोन बटणं, "ओके" आणि "रद्द करा". आता रद्द करा दाबलं की बुकिंग रद्द होणार की रद्द करणं रद्द होणार? मी दाबलं "रद्द करा", चौकट गेली, मी निवांत, आणि दुसऱ्या दिवशी बस सुटल्यावर मेसेज की आपला प्रवास सुखाचा होवो. पैसे गेलेच.

यावर उपाय एका मिनिटाचा आहे. बटणावर होय-नाही-ओके लिहूच नका, बटण दाबल्यावर जे होणार ते लिहा, "बुकिंग रद्द करा" आणि "राहू दे". त्याहून बरं म्हणजे आधी विचारायचंच नाही, करून टाकायचं आणि परत फिरायची सोय ठेवायची. जीमेलमधे पाठवलेली मेल मागे घ्यायला जास्तीत जास्त ३० सेकंद मिळतात (सेटिंगमधे जाऊन वाढवून घ्या, सुरुवातीला कमी असतात). व्हॉट्सॲपवर फॅमिली ग्रुपमधला नको तो मेसेज घाईघाईत "फक्त माझ्यासाठी डिलीट" केला तर खाली काही सेकंद अनडू दिसतं, तेवढ्यात दाबलं तर इज्जत वाचते.

वैध क्रमांक प्रविष्ट करा

आता माझी स्वतःची फजिती. सोसायटीच्या कमिटीने मला पकडलं, तू कॉम्प्युटरवाला ना, तक्रारींचा फॉर्म करून दे, वहीत कुणी लिहीत नाही. मी दोन संध्याकाळी बसून झक्कास पान बनवलं, नाव, फ्लॅट, मोबाइल, तक्रार, खलास. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा, निवृत्त शिक्षिका आहेत, तासाभरात फोन. "अरे, तुझा फॉर्म म्हणतोय माझा नंबर वैध नाही. सतरा वर्षं हाच नंबर आहे माझा, बँकेत चालतो, गॅसला चालतो, तुला कसा चालत नाही?"

खाली जाऊन बघितलं तर काकूंचा कीबोर्ड मराठी, त्यांनी नंबर टाकला होता मराठी अंकांत. आणि माझ्या तपासणीत जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतला बॅकस्लॅश डी (इथे अंक हवा, असं सांगणारी खूण), तो फक्त इंग्रजी अंक ओळखतो, देवनागरी अंक त्याच्या लेखी अंकच नाहीत. गंमत म्हणजे मागे सर्व्हरवर, जिथे फॉर्म जमा होतो तिथे, पायथन ही दुसरी भाषा होती, पायथन ३ मधला तोच बॅकस्लॅश डी देवनागरी अंक आनंदाने घेतो, म्हणजे मागचा माणूस या म्हणत होता आणि दारावरचा वॉचमन आत सोडत नव्हता. देवनागरीचे दहा अंक युनिकोडमधे, म्हणजे कॉम्प्युटरच्या अक्षरांच्या यादीत, ओळीने सलग आहेत, त्यामुळे आधी ते इंग्रजीत बदलून घ्यायला एक ओळ पुरते. तसंच मधली स्पेस, डॅश, पुढचं अधिक ९१, सगळं आपण गाळून घ्यायचं, ते माणसाकडून पुसून घेण्यात काय अर्थ आहे? आणि त्या खान्याला कोडमधे इनपुटमोड न्यूमेरिक ही सेटिंग दिली की फोनवर थेट आकड्यांचा कीपॅड उघडतो, भानगडच मिटते.

बरं, ते झालं तर काकू म्हणाल्या, "प्रविष्ट करा म्हणजे काय रे? मी मराठीच शिकवायचे, पण घरात कुणी नंबर प्रविष्ट करत नाही." खरंय की. समजा कुणाचा आकडा राहिला, तर "मोबाइल नंबर दहा आकडी हवा, एक आकडा कमी पडतोय" एवढं लिहिलं तरी काम होतं. चूक दाखवणाऱ्या मेसेजमधे काय चुकलं आणि आता काय करायचं हे दोन्ही हवं, आणि टाइप केलेलं सगळं पुसून टाकायचं नाही, हे मी किती मोठमोठ्या साइटवर बघितलंय की एक खाना चुकला की अख्खा फॉर्म कोरा.

अजून एक सापडलं. मी तक्रारीला अक्षरांची मर्यादा घातली होती, इंग्रजीत टाइप करून बघितलं होतं तेव्हा भरपूर वाटली. पण "स्त्री" हे आपल्याला एक अक्षर दिसतं, मशीन त्याचे सहा मोजतं, स, हलन्त, त, हलन्त, र, दीर्घ वेलांटी. काकूंची तक्रार "लिफ्टच्या बाबतीत असं आहे की" इथेच संपली.

मराठी दिसायला नीट आहे का ते बघा

हे आपल्याशिवाय कुणी बघणार नाही. इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून ओळींमधलं अंतर कमी ठेवलं की वेलांट्या आणि उकार कापले जातात, ते थोडं सैल सोडा, मी फॉन्टच्या दीडपट ठेवतो. अक्षरांमधे जास्तीचं अंतर टाकायच्या फॅशनने शिरोरेषा तुटते, बत्तीशीतले दात पडल्यासारखं दिसतं. पानाची भाषा कोडमधे मराठी म्हणून सांगा, हिंदी नाही, कारण काही फॉन्ट त्यावरून आपला ल आणि श दाखवतात. आणि टेस्ट करायला "नमस्कार" नको, "कैऱ्या", "कुऱ्हाड", "तऱ्हा" लिहून बघा, तिथे "कैर्या" झालं की समजा गडबड आहे.

पासवर्डची पिवळी चिठ्ठी

दर महिन्याला पासवर्ड बदला असा नियम केला की मॉनिटरला पिवळी चिठ्ठी लागलीच. परत स्टिकर! अमेरिकेच्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या संस्थेनेही २०१७ मधेच सांगितलं की उगाच ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावू नका, फुटल्याचा संशय असेल तेव्हाच लावा. आमच्या आयटीवाल्यांना हे दाखवलं, ते हो म्हणाले, पुढच्या महिन्यात परत मेल आली.

आईचा फोन "साफ" करू नका

मुलगा शनिवारी घरी येतो, आईच्या फोनवर पसारा बघतो आणि सगळे आयकॉन फोल्डरमधे भरून जातो. ती नावं वाचत नसते हो, तिला जागा पाठ असते, खालून दुसऱ्या ओळीत हिरवं. तुम्ही घरातले डबेच हलवलेत. करायचंच असेल तर अक्षरं मोठी करा, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमधे जाऊन स्वाइपच्या जागी खालची तीन बटणं परत आणा, बॅक, होम आणि तिसरं. कडेवरून बोट सरकवलं की मागे जातं हे स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नसतं, कळणार कसं?

आणि यूपीआयचं एकच वाक्य घरात सगळ्यांना पाठ करून घ्या, पिन टाकला की पैसे जातात, यायला पिन लागत नाही. २०१६ पासून यूपीआय आहे, अजून लोक "पैसे येण्यासाठी पिन टाका"ला फसतात. या सगळ्यात मला मनापासून आवडलेली वस्तू म्हणजे तो बोलणारा स्पीकरचा डबा. मंडईत मावशी मेथी निवडताना मान वरही करत नाहीत, डबा म्हणतो वीस रुपये मिळाले, मावशी म्हणतात जा. स्क्रीन नाही, चष्मा नाही, स्क्रीनशॉट दाखवून फसवायची सोय नाही.

शेवटचं, तोंड बंद ठेवा

स्वतः बनवलेलं स्वतः तपासलं तर ते चालतंच. जेकब नील्सन या युजेबिलिटीवाल्याने (म्हणजे वस्तू वापरायला सोपी आहे का हे तपासणाऱ्याने) २००० साली लिहून ठेवलंय की पाच माणसांना वापरायला दिलंत तरी बहुतेक अडचणी समोर येतात, त्याला लॅब लागत नाही. लागतं काय तर गप्प बसणं, आणि ते फार अवघड आहे बरं का. दुरुस्त केलेला फॉर्म घेऊन मी काकूंकडे गेलो, चहा ठेवला होता, फोन त्यांच्या हातात, आणि तिसऱ्या सेकंदाला माझं बोट पुढे, "काकू तिथे खाली..." काकूंनी वर्गात बघायच्या तसं बघितलं. मी हात मांडीखाली घेतले. त्यांनी नाव टाकलं, फ्लॅट टाकला, नंबर मराठी अंकांत टाकला, चालला. मग तक्रारीच्या खान्यात बराच वेळ टाइप करत बसल्या आणि पाठवून दिला.

घरी येऊन उघडलं. "चौथ्या मजल्यावर लिफ्टचं दार कोण उघडं टाकतं ते मला माहीत आहे. या फॉर्ममधे त्याचं नाव लिहायला वेगळी जागा नाही. ती करावी."

ती जागा मी अजून केलेली नाही.