‘बदामी’ सांगितलं आणि खाकी आलं? या चुका टाळा

गेल्या लगीनसराईत दादरच्या एका मॅचिंग सेंटरला मी फोनवर सांगितलं, “ब्लाउजसाठी बदामी अस्तर पाठवा, एक मीटर.” आलं ते जवळजवळ खाकी. नणंद म्हणाली, “वहिनी, लग्नाला निघालीस की बंदोबस्ताला?”

चूक माझीच. ‘बदामी’ शब्द एकटा सोडला की फसतो. बदामाची साल चांगली गडद, आणि भिजवून सोललेला गर जवळपास पांढरा. बदामी रंग या दोहोंच्या मधला: तपकिरी इतका फिका की पिवळसर झाक वर येते. ऐकणारा कुठल्याही टोकाला सरकू शकतो. आता मी ‘सालीकडचा’ की ‘गराकडचा’ ते सांगते. दुकानदार हसतो, पण कापड बरोबर काढतो.

दुसरी चूक, खाकीला बदामी समजणं. फारसीत खाक म्हणजे धूळ, माती. आपल्या ‘जळून खाक’मधला खाक तोच. म्हणजे खाकी हा मुळात धुळीचा रंग. 1846 साली पेशावरला उभ्या राहिलेल्या इंग्रजांच्या ‘गाइड्स’ पलटणीमुळे तो फौजेत रुळला. मुंबईत पोलीस आणि रिक्षावाले यांच्यामुळे तो रंगापेक्षा गणवेशच वाटतो. खाकी मातकट, कधी हिरवट. बदामीत ऊब असते. लष्करी गडद हिरव्यालाही काही जण खाकी म्हणतात, ते तर सरळ चूक.

भिंतीच्या बाबतीत ‘फिकट तपकिरी’ म्हणून मोकळं होऊ नका. तपकिरी हा शब्द आला तपकीर म्हणजे नाकात ओढायच्या तंबाखूच्या भुकटीवरून, आजोबांच्या डबीतल्या. रंगाऱ्याने लालसर तपकिरीत पांढरा ओतला की भिंत गुलाबट दिसते. ‘पिवळसर’ हा शब्द गाळला की हे होतं.

‘बेज’ आणि ‘बीज’ दोन्ही कानावर पडतात. मूळ फ्रेंच, न रंगवलेल्या लोकरीचा रंग. उच्चार ‘बेझ’च्या जवळचा. म्हणायला हरकत नाही, पण बियाण्याचा रंग समजू नका. ‘स्किन कलर’ मात्र सोडाच. कुणाची स्किन? माझी आणि नणंदेचीच जुळत नाही.

लिहिताना एक सोय आहे: पांढरा, पांढरी, पांढरे असं बदामीला बदलावं लागत नाही. बदामी झब्बा, बदामी साडी, बदामी पडदे.

नाव बरोबर सांगूनही घोटाळा होतोच, कारण उजेड. दुकानातल्या पिवळ्या दिव्याखाली बदामी केशरट होतो, पांढऱ्या ट्यूबखाली करडा पडतो. साडी बरोबर न्या आणि पदराचं टोक अस्तरावर ठेवून दोन्ही दुकानाबाहेर, फुटपाथवर बघा. दादरच्या हिंदमाता कापडबाजारात गर्दीत धक्के बसतात, बसू द्या. अस्तर एकदा कापलं की परत घेत नाहीत.