घराचा नकाशा काढतानाच गच्चीवरची सावली मोजा

घर बांधून झाल्यावर सोलरवाला गच्चीवर चढतो, तेव्हा बऱ्याचदा जिन्याची खोली आणि टाकी यांनी मोक्याची जागा आधीच अडवलेली असते. पॅनल कुठल्या कंपनीचं ते नंतर बघा. टाकी कुठे बसणार, हे नकाशावरच ठरवा.

आधी गरज काढा. वर्षभराच्या बिलांवरून महिन्याची सरासरी युनिटं काढून १२० ने भागा, कारण महाराष्ट्रात एक किलोवॅट महिन्याला साधारण तेवढी युनिटं देतं. ३५० युनिटं लागत असतील तर ३ किलोवॅट, म्हणजे ५४० वॅटची ६ पॅनल. एकेक पॅनल सुमारे साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद असतं. फिरायच्या वाटेसकट ३०० चौरस फूट धरा. पंतप्रधान सूर्यघर योजनेचं अनुदान ३ किलोवॅटला ७८,००० रुपये आहे, त्यापुढे वाढत नाही. पुढेमागे एसी किंवा विजेवरची गाडी येणार असेल तर आणखी ४ पॅनलांची जागा मोकळी ठेवा.

आता सावली. पुण्यात २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांवर असतो आणि सावली वस्तूच्या उंचीच्या ०.९ पट पडते. सकाळी साडेनऊला ती वायव्येकडे आणि दुपारी साडेतीनला ईशान्येकडे १.८ पट लांबते. जिन्याची खोली ८ फूट, ओटा १ फूट, टाकी ४ फूट, असे १३ फूट झाले. दुपारची सावली १२ फूट, सकाळची २३. हा डोलारा दक्षिणेला असेल तर ३० बाय ४० च्या गच्चीत उरतं काय? म्हणून जिना आणि टाकी उत्तरेला घ्या. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेकडून जातो खरा, पण तेव्हा तो जवळजवळ डोक्यावर असतो, सावली आखूड पडते.

इथे वास्तुशास्त्र आडवं येतं, कारण टाकी नैऋत्येला हवी असते. घरात त्यावरून वाद नको असेल तर पॅनल टाकीच्या उत्तरेला न लावता तिच्याच रेषेत, आग्नेय कोपऱ्याकडे लावा. हिवाळ्यात सावली तिकडे येत नाही. शिवाय आग्नेय ही अग्नीचीच दिशा, तेव्हा वास्तुवाल्यांचीही हरकत नसावी! दक्षिणेचा कठडा ३ फुटांचा असेल तर पॅनलची खालची कड तेवढी उंच घ्या, नाहीतर साडेतीन-चार फूट आत सरका.

थोड्याशा सावलीने काय बिघडतं? पॅनल एकापुढे एक जोडलेली असतात. टाकीच्या पाइपाची सावली पडली तरी तिथल्या सौरपेशी प्रवाह अडवतात आणि बायपास डायोड (अडलेल्या पेशींना वळसा देऊन प्रवाह पुढे नेणारा भाग) त्या पॅनलचा बहुधा तिसरा हिस्साच बाजूला काढतो.

तोंड दक्षिणेला, कल १५ ते २० अंश. १० अंशांच्या खाली गेलात तर खालच्या कडेला धुळीचा पट्टा साचून राहतो. लांब बाजू उताराच्या दिशेने ठेवून लावलेल्या पॅनलची वरची कड १५ अंशांवर २ फूट उचलली जाते, म्हणून दोन रांगांत अडीच फूट अंतर सोडा. धुवायला जायची वाटही तीच.

कोकणातल्या कौलारू घराचं आढं पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे एक अख्खा उतार दक्षिणेला मिळतो. आढं थोडं उत्तरेकडे सरकवलं तर तो आणखी लांब होतो. कौलाला भोक पाडू नका. वाशाला हूक बसवून तो दोन कौलांच्या फटीतून वर काढा. दक्षिणेच्या माडांची सावलीही याच हिशोबात धरा.

सपाट गच्चीवर सगळ्यात महागात पडतं ते कोबा झाल्यावर ड्रिल मारणं. बोल्टच्या भोकातून पाणी विटांच्या थरात उतरतं आणि छताला ओल येते. त्याऐवजी स्लॅबच्या सळयांना बांधून एक फूट चौरस, एक फूट उंच काँक्रीटचे ठोकळे आधीच उभे करा आणि वॉटरप्रूफिंग त्यांच्या बुडाशी गोलाईने वर चढवून घ्या. ठोकळ्यांची जागा आणि संख्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून घ्या, कारण पॅनलच्या वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त त्रास देते.

इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसी विजेत बदलणारं यंत्र, जिन्याच्या टप्प्यावर, हवा खेळेल अशा भिंतीवर लावा. पश्चिमेच्या उन्हात तापला की तो आपणहून वीज कमी करतो. गच्चीपासून तिथपर्यंत आणि तिथून मीटरपर्यंत तारांसाठी एक इंची पाइप प्लास्टरआधी टाकून घ्या. गच्चीवर एक नळही काढा. अर्थिंगचे खड्डे तीन लागतात: पॅनलकडच्या डीसी विजेचा, इन्व्हर्टरपुढच्या एसी विजेचा आणि आकाशातली वीज जमिनीत उतरवणाऱ्या वीजरोधकाचा. अंगणात पेव्हर बसण्याआधी ते खणून घ्या.