जुनी चांदीची भांडी ओळखताना: घासण्याआधी काय बघायचं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात सराफी पेढीवर नव्याने बसलेल्यांच्या हाती तीन मुलखांची भांडी येऊ शकतात: इथली ठोकीव, इंग्रजांच्या काळातली विलायती आणि गोव्याकडून आलेली पोर्तुगीज. कुठलंही असो, आधी पावडर लावून लख्ख करू नका. खाचेतल्या काळपटपणामुळेच पुसट शिक्का वाचता येतो, आणि घासून गेलेला शिक्का परत येत नाही.

भांडं उपडं करून 10 पट भिंगाखाली, तिरक्या उजेडात बघा. ठोकीव भांड्याचा पत्रा कुठे जाड, कुठे पातळ लागतो आणि तळाच्या मधोमध बहुधा कंपासचा बारीक टोचा असतो. आतून एकाला एक लागून गोल रेषा असतील, तर काम लेथवरचं. तळावर तोंडाची वाफ सोडलीत की वाफेत रेणाचा, म्हणजे डाख दिलेला, जोड वेगळा दिसतो. नंतर बसवलेला कान किंवा बुड इथेच सापडतं.

विलायती चांदीवर चालता सिंह म्हणजे 925 चा कस. नांगर बर्मिंगहॅमचा, बिबट्याचं तोंड लंडनचं, मुकुट शेफील्डचा (1975 पासून तिथे गुलाब). राजा-राणीचा चेहरा असेल तर काळ बहुधा 1784 ते 1890 मधला. वर्षाच्या अक्षरावर (साल दाखवणारं, दरवर्षी बदलणारं इंग्रजी अक्षर) मात्र घाई नको. तेच अक्षर दर फेरीत परत येतं, म्हणून अक्षराचं वळण, भोवतीच्या ढालीचा आकार आणि शहर हे तिन्ही जुळल्याशिवाय वर्ष सांगू नये. पोर्तुगीज चांदीवर 1937 पर्यंत रानडुकराचं डोकं, 1938 पासून गरुड. इंग्रजी अमलात हिंदुस्थानात सरकारी कसकचेरी, म्हणजे कस तपासून शिक्का मारणारी कचेरी, नव्हती. त्यामुळे मद्रासच्या ऑर पेढीच्या किंवा भूजच्या ओ. एम. (उमरसी मावजी) यांच्या मालावर कारागिराचाच ठसा मिळतो, कसाची हमी नाही.

सगळ्यात जास्त फसगत होते ती ई.पी.एन.एस. मध्ये. ही चार अक्षरं वेगवेगळ्या ढालींत मारली की लांबून हॉलमार्कच वाटतो. आत असतं जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबं, जस्त, निकेल. चांदी फक्त मुलाम्यापुरती. अशा वेळी घनता काढा. समजा ताटलीचं वजन 250 ग्रॅम आहे. दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवून, तळाला न टेकवता तोलली आणि 226 भरलं, तर 250 भागिले 24, म्हणजे 10.4. ही 925 ची चांदी. जर्मन सिल्व्हर 8.7 च्या आसपास येतं. बुडबुडे चिकटले तर आकडा खाली येतो, आणि लाख भरलेल्या पोकळ मुठींना हा हिशोब लागूच पडत नाही.

टंच काढण्याचं मशिन वरचाच थर वाचतं. जाड मुलामा त्याला खरी चांदी वाटतो. आम्लात उजळलेल्या भांड्याच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, म्हणून त्याचा कस आहे त्यापेक्षा चढा दिसतो.

देशी भांड्यावरचं नाव-साल उपयोगी. शके 1820 म्हणजे 1898-99. पण वापराचे ओरखडे अक्षरांवरून गेलेत की अक्षरं ओरखड्यांना कापून कोरलीत, ते भिंगातून पाहाच. दुसऱ्या प्रकारात नाव मागाहून घातलेलं असतं आणि भांडं त्याहून जुनं.

शंभर वर्षांवरचं कलाकुसरीचं भांडं 1972 च्या पुरावस्तू कायद्यात येऊ शकतं. मग त्याच्या व्यापाराला परवाना लागतो आणि ते देशाबाहेर खासगीरीत्या पाठवता येत नाही. मोडीत घालण्याआधी निदान तळाचा फोटो आणि वजन नोंदवून ठेवा.